संपावर नाही, सुट्टीवर!

रीफ टँकमधलं पाणी उडून जातं, मीठ मात्र तिथेच राहतं. खारटपणा ३५ पीपीटीच्या फार वर गेला की क्लाउनफिश आणि मश्रूम कोरल, सगळ्यांचाच जीव टांगणीला! शेजारच्या काकू तरी किती दिवस मग घेऊन धावणार? म्हणून माझा हा घरगुती जुगाड. टँकखालच्या संपमध्ये (युनियनवाला नव्हे!) फ्लोट स्विच, बादलीत आरओचं गोडं पाणी आणि १२ व्होल्टचा छोटा पंप. पातळी उतरली की पंप सुरू, चढली की बंद. थोडा वर दुसरा फ्लोट हवाच. पहिला गोगलगायीने अडवला, तर हा पंप थांबवतो. पाइपचं तोंड बादलीतल्या पाण्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर पंप बंद असतानाही सायफनने पाणी वाहत राहील. आणि बॉस, बादली लहानच घ्या. सगळं फसून ती पूर्ण रिकामी झाली, तरी मासे जगले पाहिजेत. मग खुशाल अलिबाग गाठा!