दारचा माल उपाशी, वाशीची गोणी तुपाशी

अलिबाग तालुक्यांतील कार्ले, खंडाळे, नेहुली येथील शेतकऱ्यानें भात कापून त्याच शेतांत पांढरा कांदा लावावा, घरच्या बायांनीं बसून त्याच्या माळा विणाव्या, आणि कोसावरच्या दुकानांत मात्र वाशीच्या बाजाराची गोणी सुटावी, याला व्यापार म्हणावें कीं आंधळेपणा? या कांद्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे. सरकारी कागदावर मान आहे, दुकानदाराच्या वहींत नाहीं! उलट बाहेरचा पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून प्रवाशाच्या गळ्यांत बांधतात. नांव आमचें, नफा दुसऱ्याचा!

घाऊक व्यापारी म्हणतात, बाहेरचा माल स्वस्त पडतो. शेटजी, हिशेब पुरा केला काय? दूरच्या शेतापासून वाशीपर्यंतचें भाडें, हमाली, तोलाई, अडत, तेथून पुन्हा अलिबागेपर्यंतचें भाडें आणि वाटेंत सडलेला माल, हें सारें कोणाच्या माथीं? जवळून घेणाऱ्यास लागेल तेवढाच माल आणतां येतो. त्याचें भांडवल अडकत नाहीं. माल वाईट निघाला तर देणाऱ्यास उद्यांच जाब विचारतां येतो. शिवाय आगरी-कुणब्याच्या हातीं पडलेला रुपया सुतार, लोहार, शिंप्याकडे फिरून पुन्हा त्याच दुकानांत येतो. बाहेर गेलेला रुपया परत येत नाहीं.

नागाव-काशीदच्या खानावळवाल्यांसही आमचें हेंच सांगणें आहे. दारांत कोळीण पाटी घेऊन बसली असतां लांबची बर्फांतली मासळी कशाला? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळांत श्रीवर्धन-मुरुडकडील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवें झाड फळावर येण्यास वर्षें लागतात. हुकमी गिऱ्हाईक नसेल तर बागाईतदारानें तोंवर धीर कोणाच्या भरंवशावर धरावा?

पण बंधूंनो, दोष एकट्या शेटजीचा नाहीं. वर मोठा माल, तळाशीं बारीक, असें ओझें आम्हीच बांधतों. सोमवारचा वायदा गुरुवारीं पाळतों. कोणी चार पैसे जास्त दिले कीं ठरलेलें गिऱ्हाईक सोडतों. असल्या पुरवठ्यावर दुकान कोण चालवील?

याच तालुक्यांत चरीच्या कुळांनीं 1933 पासून 1939 पर्यंत खोतांची जमीन कसली नाहीं. नारायण नागू पाटील पुढें होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशीं होते. उपास काढले, पण जूट फुटली नाहीं. पुढें 1949 च्या कायद्यानें खोती गेली. खोताचा वाटा गेला, दलालाचा राहिला! तेव्हां न पेरण्यासाठीं एकी केली. आतां पेरलेलें विकण्यासाठीं करा.

गांवांतल्या दहा घरांनीं एकत्र यावें. माल निवडून, तोलून द्यावा. भाव हंगामाआधीं लिहून घ्यावा, आणि पैसे आठ दिवसांत मिळण्याची अट घालावी. हिशेबाची वही शिकलेल्या लेकीच्या हातीं द्यावी. तिचें शिक्षण काय नुसती लग्नपत्रिका वाचण्यासाठीं आहे?

आणि स्वतः दुकानांत जाल तेव्हां विचारा, "शेट, गांवचा माल कां नाहीं?" रोज दहा गिऱ्हाइकांनीं हें विचारलें, तर शेटजी आपल्या पायांनीं आमच्या खळ्यावर येतील.