दिवा हाती, तोंडाला कुलूप

नर्सिंगच्या विद्यार्थिनी हाती दिवा घेऊन नाइटिंगेलच्या नावाने शपथ घेतात. ती शपथ नाइटिंगेलची नाहीच! १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला ती रचली गेली, आणि डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचे वचन तिच्यात घातले गेले. खुद्द नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून ब्रिटिश लष्कराला जाब विचारला होता: जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक का मेले?

आपण मात्र औषधाची मात्रा चुकलेली दिसली तरी ‘विचारू का?’ म्हणून घुटमळतो. बाईने ऐकायचे, म्हणून नर्सनेही ऐकायचे! किंमत रुग्ण मोजतो.

मैत्रिणींनो, ड्यूटी संपताना रोज स्वतःला विचारूया: आज मी कुठे गप्प बसले? कोणाच्या धाकाने?