घरचा मिस्त्री : काटा, कान की खटक्यांचा डबा?

गेल्या अंकात वॉटर हीटरवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी ‘पुढच्या वेळी जरा गोड विषय घ्या’ असं सुचवलं. म्हणून यंदा विषय गाण्याचा. तो सुचला मात्र घरातल्या एका वादातून, आणि त्यात चूक माझी होती.

आमचं शुगर लँडचं घर नव्वदच्या दशकातलं. इकडच्या बहुतेक घरांसारखं त्यालाही बेसमेंट नाही, त्यामुळे स्पीकरच्या वायरी ॲटिकमधून फिरून खोल्यांत उतरतात. हॉलचे स्पीकर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेले आहेत. किचन, पॅटिओ आणि आईची खोली यांच्यासाठी मी एक स्पीकर सिलेक्टर आणला. मागे वायरी, पुढे खटके. जिथे गाणं हवं तिथला खटका दाबायचा.

ॲम्प्लिफायरशेजारी एक लाकडी पेटी आहे. बाबांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ती स्वतः बनवली होती. तिच्यात आवाजाबरोबर डोलणारे दोन काटे आहेत. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आली, ती ही पेटी जुन्या साडीत गुंडाळून घेऊनच.

१९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा आई शाळेत होती. सुधीर फडक्यांचा आवाज तिच्या कानात तेव्हापासून बसलेला. एक दिवस ती म्हणाली, “अरे, हॉलमध्ये बाबूजी समोर बसून गातात. माझ्या खोलीत नुसता डग्गा घुमतो आणि बाबूजी मागे जातात.”

मी म्हणालो, “आई, एकदा तुझे कान तपासून घेऊ या.”

ती काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने खोलीत गाणी लावणंच सोडलं. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले.

मग चौकशी सुरू झाली. मंडळातल्या एका मित्राने सांगितलं, “ती काट्यांची पेटी काढून टाक. मीटर आवाज खातात.” आमच्या चिरंजीवांनीही दुजोरा दिला. पेटी गॅरेजमध्ये जाणार होती, पण त्याआधी म्हटलं, हिशेब तरी करून बघू.

आधी काट्यांचा. स्पीकर असतो साधारण ८ ओहमचा. त्याच तारांवर जोडलेल्या मीटरचा रोध मात्र काही हजार ओहम. म्हणजे स्पीकरला हजार थेंब मिळाले तर मीटरच्या वाट्याला एखाद-दुसरा थेंब. चांगल्या ॲम्प्लिफायरला एवढ्याने काहीच फरक पडत नाही. मग हा प्रवाद आला कुठून? त्याला जुना आधार आहे. अमेरिकेत १९३९ साली रेडिओ स्टेशनांसाठी व्हीयू मीटर ठरवला गेला. तो स्पीकरवर नव्हे, तर ६०० ओहमच्या नाजूक लाइनवर लावायचा होता. मीटरच्या आतल्या रेक्टिफायरमुळे तिथला आवाज खरोखरच बिघडू शकतो, म्हणून त्याच्याआधी ३६०० ओहमचा रोधक घालायची पद्धत पडली. स्पीकरच्या तारांवर ती भीती नाही.

काट्याची खोड वेगळीच आहे. व्हीयूचा काटा पूर्ण वर चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. त्यामुळे तो सरासरी दाखवतो, क्षणाचा कडकडाट नाही. आरतीत झांज वाजते, तेव्हा तो क्षण काट्याच्या आकड्यापेक्षा सहज १० डेसिबलने वर असतो, म्हणजे दहापट ताकद मागतो. काटा ५ वॉटवर दिसतो, पण झांजेला ५० लागतात. तेव्हा काटा अर्ध्यावर असूनही आवाज फाटला, तर काट्यावर विश्वास न ठेवता आवाज कमी करावा.

आता माझ्या डब्याचा. ८ ओहमच्या चार जोड्या एकदम लावल्या, तर ॲम्प्लिफायरला २ ओहमच दिसतात. तो तापतो, बंद पडतो, कधी जळतोही. म्हणून अशा अनेक डब्यांत संरक्षणाचं बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक वाटेत एक रोधक येतो. माझ्या डब्यात तो अडीच ओहमचा निघाला, आणि बटण पहिल्या दिवसापासून दाबलेलं! ॲटिकमधली १६ गेजची, साठ फुटांची वायर जाऊन-येऊन आणखी अर्धा ओहम घालत होती.

यात जवळजवळ पाव ताकद उष्णता होऊन जाते, पण खरी गोम त्यापुढे आहे. स्पीकरचे ८ ओहम हा ठोकळ आकडा. प्रत्यक्षात तो एखाद्या सुरावर ५ असतो, एखाद्यावर ३०. मध्ये अडीच ओहम घातले की ५ ओहमच्या जागी आवाज सुमारे साडेतीन डेसिबल पडतो, ३० ओहमच्या जागी एक डेसिबलही नाही. ३० ओहमचा उंचवटा बहुधा खालच्या खर्जात असतो, डग्ग्याच्या घुमण्याजवळ. खळगा असतो त्याच्या थोडा वर, जिथे पुरुषी आवाजाचा भरदारपणा राहतो. म्हणजे डग्गा घुमतो आणि बाबूजी मागे जातात. आईचं वाक्य शब्दशः खरं होतं.

तरी खात्री करून घेतली. आईला पाठमोरी बसवलं, फोनवरच्या ध्वनिमापकाने आवाज सारखा केला (हे न केल्यास जो मोठा तोच छान वाटतो), आणि एकच गाणं कधी डब्यातून, कधी थेट वाजवलं. दहापैकी नऊ वेळा तिने बरोबर ओळखलं. मग बाबांची पेटी कधी जोडली, कधी काढली. त्यात दहापैकी पाचदा, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. कान उत्तम, काटे निर्दोष, दोषी मी आणलेला डबा.

आता आईच्या खोलीत छोटा वेगळा ॲम्प्लिफायर आहे, आणि स्पीकरपर्यंत १२ गेजची जाड वायर. किचन आणि पॅटिओ डब्यावरच आहेत; भांडी घासताना तेवढं चालतं.

तुमच्याकडे असा डबा असेल तर एवढं बघा. एकच जोडी लावत असाल आणि दुसरं कोणी चुकून खटका दाबणार नसेल, तर संरक्षणाचं बटण बंद ठेवा. अनेक जोड्या असतील तर चालूच. काही डबे दोन्ही बाजूंच्या काळ्या तारा आतून एकत्र करतात. अनेक नव्या क्लास-डी ॲम्प्लिफायरना ते चालत नाही, म्हणून आधी माहितीपुस्तिका वाचा. दोन ॲम्प्लिफायरची तोंडं एकमेकांना कधीही जोडू नका. आणि आपल्याकडच्या दमट हवेत खटके खरखरायला लागले, तर वीज बंद करून दहा-वीस वेळा दाबा. बहुतेकदा तेवढं पुरतं.

बाबांची पेटी आता आईच्या खोलीत आहे. मी माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “कान तपासायचे असतील तर आधी तुझे तपास. मी काय सांगत होते, ते तुला ऐकू आलं नाही.”

नरकचतुर्दशीला पहाटे तिच्या खोलीत गीतरामायण लागणार आहे. फराळाला या, काटे डोलताना दाखवतो.