युआनमिंगयुआन : राखेतले आणि दगडातले

बीजिंगच्या वायव्येस असलेल्या युआनमिंगयुआन या उद्यानात येणारा प्रवासी बहुधा कोसळलेल्या कोरीव खांबांपाशी थांबतो आणि सम्राटांचे उद्यान ते हेच, अशी समजूत करून परततो. ही समजूत चुकीची आहे. ते खांब चियेनलोंग सम्राटासाठी कास्तिल्योने या इटालियन धर्मोपदेशक चित्रकाराने आखलेल्या युरोपीय धाटणीच्या महालांचे आहेत. एकंदर उद्यानाचा तो एक लहानसा कोपरा होता. खरे उद्यान होते सरोवरांचे, कृत्रिम टेकड्यांचे आणि लाकडी मंडपांचे. लाकूड जळाले, दगड तेवढा उरला.

कांगशी सम्राटाने 1707 मध्ये आपल्या चौथ्या मुलाला ही जागा दिली. हाच मुलगा पुढे योंगझेंग सम्राट झाला. त्याने व नंतर चियेनलोंगने उद्यानाचा विस्तार सुमारे साडेतीनशे हेक्टरांपर्यंत नेला. येथील ग्रंथागारात छत्तीस हजारांहून अधिक खंडांच्या ‘सिखू छुआनशू’ या प्रचंड ग्रंथसंग्रहाची एक हस्तलिखित प्रत होती.

ऑक्टोबर 1860 मध्ये दुसऱ्या अफूयुद्धात इंग्रज व फ्रेंच सैन्याने उद्यान लुटले. श्येनफेंग सम्राट आधीच राजधानी सोडून गेला होता. वाटाघाटीसाठी गेलेल्या मंडळींना चिनी अधिकाऱ्यांनी कैद केले व त्यांतील अनेकजण छळाने मेले, हे कळताच लॉर्ड एल्गिन यांनी 18 ऑक्टोबरला उद्यान जाळण्याचा हुकूम दिला. लुटीत सामील असलेल्या फ्रेंचांनी जाळपोळीत मात्र भाग घेतला नाही. शिक्षा सम्राटाला व्हावी, प्रजेला नव्हे, असा एल्गिन यांचा युक्तिवाद होता. तो टिकणारा नाही. कैद्यांचा छळ निंद्यच होता. परंतु त्या ग्रंथांनी व शेकडो अनाम कारागिरांच्या कामाने कोणाचा छळ केला होता? व्हिक्टर ह्यूगो यांनी 1861 मध्येच या कृत्याला दरोडा ठरवले, तेही स्वतःच्या देशाला न वगळता.

भारतीय वाचकाला ही कथा परकी म्हणून बाजूला सारता येणार नाही. इंग्रजांच्या त्या सैन्यात पंजाबी व मद्रासी पलटणी होत्या आणि कैदेत मेलेल्यांत भारतीय स्वारही होते. एल्गिन तर 1862 मध्ये भारताचे व्हाइसरॉय झाले.

उद्यान पुन्हा उभारावे, असा आग्रह चीनमध्ये अधूनमधून धरला जातो. चेजियांग प्रांतातील हंगदियान येथे 2015 मध्ये त्याची प्रतिकृती खुलीही झाली. हौसेपुरते ते ठीक. पण मूळ जागी नवे मंडप चढवले, तर जाळपोळीचा उरलासुरला पुरावाच झाकला जाईल. त्यापेक्षा लुटलेल्या वस्तू परत मिळवण्याचा खटाटोप अधिक मोलाचा आहे. तेथील कारंज्यावर कालगणनेच्या बारा प्राण्यांची काशाची मस्तके होती. 2013 मध्ये उंदीर व ससा चीनला परतले. 2020 मध्ये घोड्याचे मस्तक थेट युआनमिंगयुआनमध्ये आले, आणि परतलेल्यांची संख्या सात झाली.