अंगठा कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात एक तरुण मुलगी आली. तिची आई १९९४ साली आमच्याकडे आली होती. त्या वेळी केंद्रात दोन्हीकडच्या माणसांना बसवून एक तडजोडीचा कागद झाला होता. राहत्या घरातली एक खोली बाईकडे राहील, असं त्यात ठरलं होतं. आता आई थकली आहे, आणि चुलते म्हणतात की असा कागद कधी झालाच नाही. मुलीला त्याची प्रत हवी होती.

मी संगणकात शोधलं. कागद लगेच सापडला. २००९ साली आमच्या जुन्या फायली ‘कॉम्प्युटरमध्ये घेतल्या’ होत्या, त्यात तो होता. एका कार्यकर्तीच्या ओळखीतला मुलगा चार रविवार येऊन हे काम करून गेला होता. मी प्रत छापून मुलीच्या हातात दिली. तिनं ती वाचली आणि विचारलं, “मॅडम, आईनं अंगठा दिलाच नव्हता का?”

मी पाहिलं. दिरांच्या सह्या ठसठशीत होत्या. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती.

माळ्यावरचा गठ्ठा उतरवून मूळ कागद काढला. अंगठा होता. शाईचं पॅड वाळत आलेलं असावं, ठसा फिकट निळा उमटला होता, पण रेषा न् रेषा दिसत होती. समासात आमच्या त्या वेळच्या कार्यकर्तीनं पेन्सिलीनं टिपण केलं होतं: ‘दिराचा दबाव, पुन्हा भेट घेणे’. छापलेल्या प्रतीत तेही नव्हतं. आणि बाईच्या तक्रारीत मूळ कागदावर ‘त्यांनी मारलं’ असं होतं, ते प्रतीत ‘त्यानी मारलं’ झालं होतं. एका टिंबाचा फरक. पण सासरच्या सगळ्यांनी मारलं की एकट्या नवऱ्यानं, हा फरक त्या टिंबात होता. कौटुंबिक छळाच्या प्रकरणात काम केलेल्या कुणालाही त्याची किंमत सांगायला नको.

मला घाम फुटला तो आणखी एका कारणानं. जागा नाही म्हणून तो सगळा गठ्ठा नष्ट करायचं आम्ही आदल्याच महिन्यात बैठकीत ठरवलं होतं. ‘सगळं कॉम्प्युटरमध्ये आहेच की’, असं मीच म्हणाले होते. आमच्या ज्येष्ठ ताईंनी हट्ट धरला, ‘दिवाळीपर्यंत राहू दे’, म्हणून तो वाचला.

हे कुणी मुद्दाम केलं का? नाही. त्या मुलानं आपलं काम चोख केलं होतं. अंगठा पुसला तो स्कॅनरच्या एका सेटिंगनं.

स्कॅनर कागदाचे बारीक बारीक ठिपके करून वाचतो. प्रत्येक ठिपका किती काळा, किती उजळ, याला ० ते २५५ असा आकडा मिळतो. पण ड्रायव्हरच्या खिडकीत ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलं की मधल्या छटा बाद होतात. साधारण १२८ च्या आसपास एक रेघ असते. त्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं कोरा कागद. फिकट निळा अंगठा, पेन्सिलीची ओळ, गोल शिक्क्याची जांभळी शाई, कार्बनची तिसरी प्रत, हे सगळं रेघेच्या पलीकडे पडतं. दुसरं सेटिंग रेझोल्यूशनचं, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ते १५० ठेवलं होतं. आणि तिसरं होतं धूळ काढण्याचं. कागदावरचे बारीक डाग आपोआप पुसणारं ते सेटिंग चालू होतं. यंत्राला धुळीचा कण आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही.

मला इथे एक गोष्ट आपल्या सगळ्यांपुढे ठेवायची आहे. यंत्र खोक्यातून निघतं तेव्हा त्याची सेटिंगं आधीच कुणीतरी ठरवलेली असतात. पांढऱ्याशुभ्र कागदावर काळी छपाई, असा एखाद्या कचेरीतला कागद डोळ्यांसमोर ठेवून ती ठरवलेली असतात. आपले कागद तसे नाहीत. आपल्याकडे येते ती अर्ध्या कागदावरची चिठ्ठी, वहीतून फाडलेलं पान, माहेरी पाठवलेलं पोस्टकार्ड, अंगठा. ज्या बाईला सही येत नाही तिची खूण पुसली जाते आणि पेनानं सही करणाऱ्या दिराची राहते. यात कुणाचा डाव नाही, हे खरं. पण म्हणून नुकसान कमी होत नाही.

मग सगळं पुन्हा स्कॅन करायचं ठरलं. स्कॅनर कपाटावर होताच, काचेचा, झाकणाचा, जुन्या पद्धतीचा. नवा संगणक घेतल्यापासून तो पडून होता. दुरुस्तीवाले म्हणाले होते, “ह्याला ड्रायव्हर नाही, रद्दीत टाका.” ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या. स्कॅनरची काच, दिवा, मोटर, सगळं ठणठणीत होतं. दुभाष्या तेवढा जुन्या ३२ बिटच्या विंडोजसाठी लिहिलेला होता. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. कंपनीनं जुन्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर काढला नाही की धडधाकट यंत्र भंगार ठरतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक संस्थांपुढे हा प्रश्न आज उभा असेल.

वाटा आहेत. जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर स्वतःत घेऊन येणारं व्ह्यूस्कॅनसारखं विकतचं सॉफ्टवेअर मिळतं. आम्ही फुकटची वाट धरली. अडगळीतल्या जुन्या संगणकावर लिनक्स घातलं. लिनक्सच्या जगात ‘सेन’ नावाचा स्वयंसेवकांनी सांभाळलेला ड्रायव्हरांचा संग्रह आहे. कोणती यंत्रं चालतात याची यादीही त्यांनी दिलेली आहे. आपल्या यंत्राचं नाव आधी त्या यादीत बघावं. आमचं होतं. वायर जोडली, झाकणाखाली दिवा सरकला, आणि ताई म्हणाल्या, “अगं, हा तर जिवंत आहे!” एक मात्र सांगते, ड्रायव्हर कुठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवू नका. त्याच्याबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो.

हे सगळं शिकायला मला तीन आठवडे लागले. त्यातला पहिला आठवडा मी ‘कुणीतरी मुलगा मिळेल का’ हे शोधण्यात घालवला, हे कबूल करते. फौजदारापुढे खुर्ची ओढून बसणाऱ्या, रात्री दोनला बाईला दवाखान्यात नेणाऱ्या आपण, सेटिंगची खिडकी उघडली की म्हणतो, ‘हे आपलं काम नाही.’ का? आपल्याच आधीच्या बायकांनी स्टेन्सिलं कापली, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवलं, शाईनं हात काळे केले. मथुरा प्रकरणात १९७९ साली चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र हातोहात पसरलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्रकं काढणं, प्रती करणं हेही चळवळीचंच काम होतं. ते तांत्रिक म्हणून कुणी बाजूला ठेवलं नव्हतं.

काही मैत्रिणी म्हणतात, “एवढा खटाटोप कशाला? फोननं फोटो काढ.” तातडीच्या वेळी मीही काढते. पण फोनमधला फोटो बऱ्याचदा आपोआप कुठल्यातरी दूरच्या साठ्यात जाऊन पडतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात कागद स्कॅन करणारं कॅमस्कॅनरही होतं. तोवर किती संस्थांनी त्यातून किती बायकांचे कागद पाठवले असतील? दुसऱ्या म्हणतात, “झेरॉक्सवाल्याकडे दे, स्वस्तात करतो.” तालुक्याच्या गावात झेरॉक्सवाला कुणाचा तरी मावसभाऊ असतोच. आमच्याकडे एका बाईनं अर्ज मागे घेतला होता, कारण तिचा जबाब नवऱ्याच्या कानावर आधीच गेला होता. तो कुठून गेला, हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही. पण त्या दिवसापासून केंद्रातला कागद बाहेरच्या काचेवर ठेवायचा नाही, हे मी मनाशी ठरवलं.

एम.एस.डब्ल्यू.ला बीस्टेकनं १९५७ साली मांडलेली केसवर्कची सात तत्त्वं आम्ही पाठ केली होती. गोपनीयता हे त्यातलंच एक. परीक्षेत त्यावर दोन पानं लिहिली. ते तत्त्व स्कॅनरच्या वायरीपर्यंत येतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा, तिनं आपल्यावर विश्वास टाकला ही गोष्ट मला मोठी वाटते. आमचा तो जुना संगणक आता इंटरनेटला जोडलेलाच नाही. त्याच्यावर केसचे कागद तेवढे चढतात, आणि त्याची चावी दोघींकडे असते.

आम्ही ठरवलेली सेटिंगं इथे देते. ‘ऑटो’ बंद करायचं. अंगठा, शिक्का, पेन्सिल, रंगीत शाई असेल तर रंगीत स्कॅन, नुसता टाइप केलेला कागद असेल तर करड्या छटांचं. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ कधीच नाही. रेझोल्यूशन ३००, अंगठ्याच्या कागदाला ६००. धूळ काढणं बंद, त्याऐवजी काचच मऊ फडक्यानं पुसायची. पातळ कागदाच्या मागची अक्षरं उमटत असतील तर पाठीमागे काळा कागद ठेवायचा. जपून ठेवायची प्रत टिफमध्ये, कारण जेपेगमध्ये आकार कमी करताना बारकावे जातात. ए-४ कागद ३०० वर घेतला की सुमारे ८७ लाख ठिपके होतात, रंगीत असेल तर साधारण २६ एमबी. २००९ मध्ये हे परवडत नव्हतं, म्हणून त्या मुलानं लहान फायली केल्या. आज असे हजार कागद ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावतात. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं: स्कॅन झाल्यावर मूळ कागद शेजारी धरून एकीनं वाचायचं, दुसरीनं पडद्यावर बघायचं. अंगठा आहे? समास आहे? टिंबं आहेत? आमचे तासाला चाळीस कागद होतात. घाई नाही.

मूळ कागद मात्र नष्ट करायचा नाही. स्कॅन म्हणजे प्रत. कोर्टात संगणकातली प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तरीही पहिला मान मूळ कागदालाच असतो. जागा नाही ही अडचण खरी आहे. पण जागा करताना काय टाकायचं, हे बैठकीत ‘कॉम्प्युटरमध्ये आहेच’ एवढ्यावर ठरू नये.

त्या मुलीला आम्ही मूळ कागदाची रंगीत प्रत दिली. पुढचं वकीलताई बघताहेत. ती प्रत घेऊन ती आईकडे गेली, तेव्हा आईनं म्हणे त्या निळ्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला.

मैत्रिणींनो, आपापल्या केंद्रात पूर्वी स्कॅन झालेल्या फायलींपैकी निदान दहा उघडा आणि मूळ कागदाशी ताडून बघा. काय काय गायब आहे, ते आम्हाला कळवा. आणि कुठे जुना स्कॅनर ‘ड्रायव्हर नाही’ म्हणून पडून असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी आम्हाला बोलवा. आम्ही दोघी येऊ. यंत्र चालू करून देऊ, पण बटण तुम्हीच दाबायचं.