गणित चुकलं की भाषा?

"ताई, छबीला आता शाळेतून काढतेच मी. पोरीचं डोकंच चालत नाही म्हणतात. मग उगाच कशाला? दिवाळीनंतर कोयत्याला नेऊ, दोन हात वाढतील."

तांड्यावरच्या बचत गटाची बैठक संपवून मी चपला पायात सरकवत होते, तेव्हा छबीची आई हे बोलली. (छबी हे नाव बदललेलं आहे.) बोलण्यात राग नव्हता, रडणंही नव्हतं. कपाशीचा भाव पडला तर माणसं जशी बोलतात, तशी ती बोलत होती. छबी पाचवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात आणि परिसर अभ्यासात नापास झाली होती. पुनर्परीक्षा अजून व्हायची होती, पण आईच्या मनाने निकाल लावून टाकला होता.

मैत्रिणींनो, आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत असं आपल्यापैकी पुष्कळजणींना अजून वाटतं. आता तसं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. आपल्या राज्याने २०२३ मध्ये तसा नियम केला. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, पुन्हा परीक्षा घ्यायची आणि तेव्हाही जमलं नाही तर पाचवीचं मूल पाचवीतच ठेवायचं. हा नियम बरा की वाईट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण एका पेपरावर पोरीचं शाळेत राहणं ठरणार असेल, तर तो पेपर नेमकं काय मोजतो, हे आधी बघायला नको का?

मी शाळेत गेले. गुरुजी भला माणूस. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालवतात. त्यांनी छबीचा पेपर काढून दाखवला. गणित असं होतं: 'एका पेटीत २४ याप्रमाणे ६ पेट्यांत आंबे भरले. त्यांपैकी ३८ आंबे विकले, तर उर्वरित आंबे किती?' छबीने चोवीस, सहा आणि अडतीस यांची सरळ बेरीज करून ६८ लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले, "बघा ताई, काहीच कळत नाही हिला."

मला मात्र ते 'याप्रमाणे' आणि 'उर्वरित' टोचायला लागले. छबीच्या घरात गोरबोली. बाजारात, बसस्टँडवर अहिराणी. पुस्तकातली मराठी भेटते ती फक्त शाळेत, आणि तीही वर्षातले चार-पाच महिने सुटते, कारण आई-बाप ऊसतोडीला गेले की पोरगी त्यांच्यासोबत. 'उर्वरित' हा शब्द तिच्या याडीने जन्मात उच्चारला नसेल. खरं सांगायचं तर, माझ्या स्वयंपाकघरातही तो कधी आलेला नाही. आपण 'उरलेले' म्हणतो!

तांड्यावरची एक मुलगी बारावी झालीय. गुरुजींच्या परवानगीने तिला बसवलं आणि तोच पेपर छबीला गोरबोलीत वाचून दाखवायला सांगितला. उत्तर सुचवायचं नाही, फक्त प्रश्न सांगायचा. आंब्याचं गणित ऐकून छबीने बोटांवर वीस-वीसचे सहा गट मोजले, मग चार-चारचे सहा, त्यातून अडतीस काढले आणि म्हणाली, एकशे सहा. गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. दहा गणितांपैकी लेखी पेपरात दोन बरोबर होती, तोंडी सात आली.

उरलेली तीन मात्र तिला आलीच नाहीत. तिन्ही भागाकाराची. भागाकार तिला खरोखरच कळलेला नव्हता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चुकीच्या मापाने मोजलं की हुशारी झाकली जाते, तसा खरा कच्चेपणाही झाकला जातो. 'काहीच येत नाही' म्हटल्यावर गुरुजींनी शिकवायचं तरी काय? 'भागाकार येत नाही' म्हटल्यावर मात्र रस्ता दिसतो. पुनर्परीक्षेपर्यंतचे सगळे दिवस मग भागाकारावरच गेले.

हे एका छबीपुरतं नाही. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल, गडचिरोलीतलं गोंडी बोलणारं मूल, सातपुड्यातलं भिल्ली बोलणारं मूल, वीटभट्टीवर आलेल्या परप्रांतीय मजुराचं हिंदी बोलणारं मूल, सगळी एकाच रांगेत बसतात. कोरकू तर मराठीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा भाषांपैकी, आणि गोंडी द्रविड कुळातली. हिंदीत नपुंसकलिंग नाही. मग त्या मुलाने 'ते पुस्तक'च्या जागी 'ती पुस्तक' लिहिलं तर ती बुद्धीची चूक म्हणायची का? अहो, आपल्या खानदेशी पोरांनी निबंधात 'बाबा वावरात गेले' लिहिलं तरी लाल रेघ पडते. खानदेश-विदर्भात लाखो माणसं शेताला वावरच म्हणतात!

यावर एक हमखास शंका येते. 'पण ही पोरं मराठी तर छान बोलतात!' बोलतात, खरं आहे. कॅनडाचे भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून यावर लिहिलंय. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पुस्तक वाचून समजावं, प्रश्नाचा अर्थ लावून उत्तर लिहावं, इतकी पक्की व्हायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. आपण अंगणातली मराठी ऐकतो आणि पेपरातली मराठी आलीच असं धरून चालतो. छबी तर पाचच वर्षं शाळेत, त्यातही निम्मी गैरहजर.

या गफलतीचा शेवट कुठवर जातो, ते अमेरिकेत दिसलं. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांतल्या नऊ मुलांना इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. पालक कोर्टात गेले. मुलांची चाचणी त्यांच्या भाषेत पुन्हा घेतली, तेव्हा बहुतेक सगळी त्या वर्गातली ठरेनात. १९७० मध्ये राज्याने मान्य केलं की यापुढे मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घ्यायची. आणि आपण अजून तांड्यावर जाऊन आईला सांगतो, पोरीचं डोकं चालत नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे कायदे कमी नाहीत. प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्य मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय असावी, हे घटनेच्या ३५०-अ कलमात १९५६ पासून आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा, असं सांगतो. ओडिशाने २००७ मध्ये दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू केले. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, निरीक्षण आहे. म्हणजे छबीला तोंडी विचारणं ही काही मेहेरबानी नव्हती. पण रकाने भरण्याच्या घाईत तोंडी काम कागदावरच राहतं.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा केवढा वाद झाला! एप्रिलमध्ये आदेश निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला आणि समिती नेमली गेली. कोणती भाषा शिकवायची, यावर घराघरात बोललं गेलं. मुलाला कोणत्या भाषेत तपासायचं, हे मात्र त्या गदारोळात कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही.

आमच्या गावातल्या एक निवृत्त बाई मला म्हणाल्या, "अगं, आज तू गोरबोलीत सांगशील. उद्या नोकरीच्या परीक्षेत कोण सांगणार?" प्रश्न खोटा नाही. छबीला मराठी आलीच पाहिजे, चांगली आली पाहिजे. मराठीचा पेपर मराठीतच तपासा, तिथे सूट नको. पण गणिताच्या पेपरात गणित तपासा. दूध मोजायला मीटरपट्टी घेतली आणि दूध कमी भरलं म्हणून गवळणीला बोल लावला, तर चालेल का?

आता आपण काय करायचं? कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असायलाच हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या सही-अंगठ्यापुरत्या असतात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एवढं विचारा. आपल्या शाळेतली मुलं घरी कोणत्या भाषा बोलतात, याची यादी आहे का? गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्न त्यांना घरच्या भाषेत समजावून सांगता येतील का, आणि त्यासाठी वस्तीवरची एखादी शिकलेली मुलगी किंवा अंगणवाडीताई बोलावता येईल का? त्या पेपरात व्याकरणाच्या चुकांचे गुण कापले जातात का? आणि शेवटचं, कुठल्याही मुलाला त्याच वर्गात ठेवण्याआधी त्याच्या भाषेत एकदा त्याचं ऐकून घेतलं का? यात सरकारचा एक रुपया खर्च होत नाही.

छबी पुनर्परीक्षेत पास झाली. फार गुण नाही पडले, पण सहावीत गेली. दिवाळीनंतर आई-बाप कोयत्याला गेले आणि ती आजीजवळ राहिली. निघताना आई एवढंच म्हणाली, "डोकं चालतंय म्हणे पोरीचं."

छबीच्याच वर्गात आणखी एक मुलगी नापास झाली होती. तिचा पेपर मी पाहिला नव्हता, कारण तिची आई बचत गटात नाही. पुनर्परीक्षेला ती आलीच नाही. दिवाळीनंतर ट्रकच्या टपावर सामानाशेजारी बसून ती गेली. तिला गणित येत नव्हतं की 'उर्वरित' येत नव्हतं, हे आता कोण सांगणार?