पाच, दहा की पंधरा?

मंडळी, या वीकांताचा विषय जरा स्फोटक आहे. ज्यांना बंदुकीचं नावही नको वाटतं त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही. अमेरिकेत सामान्य माणसाने बंदूक बाळगावी का, हा वाद मी आज घालणार नाही. त्यावर जालावर भरपूर डोकेफोड झालेली आहे आणि त्याने कोणाचं मत बदललेलं निदान माझ्या पाहण्यात नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आणि बराच छोटा आहे. ज्याने बाळगायचं ठरवलंच आहे आणि कायद्याने ज्याला मुभा आहे, त्याने शर्टाखाली लपवायच्या पिस्तुलात गोळ्या किती ठेवाव्यात?

प्रश्न माझा नाही, मित्राचा आहे. इथे टेक्ससमध्ये त्याचा गॅस स्टेशनला जोडून किराणा-कोल्ड्रिंकचा स्टोअर आहे. रात्री अकराला गल्ला मोजून कुलूप लावायचं, बऱ्याचदा वहिनीही सोबत. मागच्या वर्षी एकाने पिस्तूल दाखवून गल्ला नेला. कोणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून गडी नीट झोपत नाही. बंदुकांच्या दुकानातल्या विक्रेत्याने त्याला सांगितलं, पंधरापेक्षा कमी घेऊच नका. शेजारच्या म्हाताऱ्या टेक्सन आजोबांनी सांगितलं, मी आयुष्यभर पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बाळगलं, एकही उडवायची वेळ आली नाही. मग हा माझ्याकडे आला. म्हणाला, "तू इंजिनियर ना, हिशोब करून सांग."

(अवांतर: नुकत्याच एच-वन-बी वर आलेल्या मंडळींनी हे वाचून उत्साहात दुकान गाठू नये. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक जवळ ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व मिळेपर्यंत हा प्रश्न तुमचा नाहीच.)

तर हिशोब. आधी विदा. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा रँड या संस्थेने अभ्यास केला होता, अहवाल २००८ चा. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या साधारण १८ टक्के गोळ्या लागल्या. समोरचा गोळ्या झाडत नसेल तेव्हा साधारण ३० टक्के. हे पगारी, प्रशिक्षित लोक. रेंजवर कागदाच्या चकतीला भोकं पाडणारा आपला मित्र घाबरलेल्या अवस्थेत यांच्यापेक्षा सरस निघेल असं धरायला काही आधार नाही. म्हणून १८ टक्केच धरू.

आता पिस्तुलाची एक गोळी लागली की माणूस सिनेमातल्यासारखा उडून पडतो, हे डोक्यातून काढून टाका. तसं होत नाही. एकाला थांबवायला निदान दोन नीट लागाव्यात असं धरू. कॉलेजात शिकलेलं प्रोबॅबिलिटीचं गणित लावलं की उत्तर येतं ते असं: पाच गोळ्यांत निदान दोन लागण्याची शक्यता २२ टक्के. दहांत ५६. पंधरांत ७८. म्हणजे विक्रेता बरोबर आणि आजोबा नशीबवान, असंच कोणालाही वाटेल.

पण आता नेम सुधारून बघा. गोळ्या तेवढ्याच ठेवा आणि लागण्याचं प्रमाण १८ वरून ५० टक्क्यांवर न्या. पाच गोळ्यांत निदान दोन लागण्याची शक्यता होते ८१ टक्के! म्हणजे निम्म्या गोळ्या लागणारा माणूस पाच गोळ्यांत जे करतो, ते १८ टक्केवाल्याला पंधरांतही जमत नाही. शिवाय त्या पंधरांपैकी सरासरी बारा गोळ्या कुठेतरी दुसरीकडे जातात.

कुठे जातात? हा प्रश्न दुकानातला विक्रेता विचारत नाही. माझ्या मित्राच्या स्टोअरला समोर पूर्ण काच आहे. काचेपलीकडे पंप आणि पंपावर गाडीत बसलेली कोणाची तरी पोरं. इथले प्रशिक्षक एक वाक्य नेहमी ऐकवतात, की प्रत्येक गोळीला एक वकील बांधलेला असतो. वकील परवडला हो, पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर काय झालं ते आठवा. दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. खुनी मेला, पण रस्त्यावरची नऊ माणसं जखमी झाली, आणि ती सगळी पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी. मॅगझिनची क्षमता वाढवताना चुकायची क्षमताही आपण वाढवत असतो, हे कोणी पेटीवर छापत नाही.

मग आजोबांचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हरच घ्यावं का? माझं मत: नाही. कारण गंमत अशी की ते छोटं रिव्हॉल्व्हर, म्हणजे स्मिथ अँड वेसनचं जे-फ्रेम (१९५० पासून ही जात चालू आहे), नेम धरायला सगळ्यात अवघड. नळी दोन इंचांच्या आसपास, माशी नावापुरती आणि ट्रिगर ओढायला पाच किलोच्या घरात जोर. बाळगायला अतिशय सोयीचं, खिशातही मावतं, मॅगझिन नसल्याने मॅगझिनची कटकटही नाही. पण निम्म्या गोळ्या लागण्यासाठी ज्या हत्याराने सर्वात जास्त सराव मागावा, तेच सरावाला सर्वात नकोसं. चार-पाच फैरींनंतर हात झिणझिणतो आणि माणूस घरी जातो. म्हणजे पाचच्या गणितात मी जो ५० टक्के आकडा घातला तो या हत्याराला बहुतेकांच्या हातात लागूच होत नाही.

दुसरं म्हणजे समोर दोघं असले तर? प्रत्येकी दोन, म्हणजे चार लागल्या पाहिजेत. पाच गोळ्या आणि ५० टक्के नेम असेल तर शक्यता १९ टक्क्यांवर घसरते. दहा असतील तर ८३. पंधरा असतील तर ९८. हे गणित अर्थात ढोबळ आहे. खऱ्या गोळ्या नाणेफेकीसारख्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, पहिली चुकलेला माणूस दुसरी जास्त घाईत झाडतो. पण पाचवरून दहावर जाताना जी उडी आहे ती दहावरून पंधरावर जाताना नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

कागदावर तीही उडी १५ टक्क्यांची आहे, मग ती का सोडायची? कारण गोळ्यांच्या आधी वेळ संपतो. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकू घेतलेला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. शर्ट वर करून पिस्तूल काढायलाच तेवढा वेळ जातो. स्टोअरच्या काउंटरपलीकडचा माणूस तर चार फुटांवर असतो. त्या अंतरावर काय व्हायचं ते पहिल्या तीन-चार गोळ्यांत होऊन जातं.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये इथेच टेक्ससमध्ये, व्हाइट सेटलमेंट गावातल्या चर्चमध्ये एकाने शॉटगन काढून दोघांना मारलं. सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका सदस्याने एका गोळीत त्याला पाडलं. पहिल्या गोळीपासून शेवटपर्यंत सगळं सहा सेकंदांत. हे उदाहरण 'एक पुरते' म्हणणारे नेहमी देतात. देताना तो माणूस स्वतः नेमबाजी शिकवायचा हे मात्र सांगत नाहीत.

त्याच्या उलट उदाहरण २०२२ च्या जुलैचं, इंडियाना राज्यातल्या ग्रीनवुडच्या मॉलमधलं. फूड कोर्टात रायफलने गोळीबार करणाऱ्यावर २२ वर्षांच्या एका मुलाने सुमारे ४० यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार आठ लागल्या, पंधरा सेकंदांत. त्याच्याकडे जे-फ्रेम असतं तर? माझ्या मते पाच गोळ्यांत आणि त्या आखूड नळीने हे झालं नसतं. आपल्याला या दोन्ही टोकांच्या मध्ये उभं राहायचंय.

आणि १९८६ चं मायामी. त्याशिवाय हा विषय पुराच होत नाही! ११ एप्रिलला एफबीआयच्या आठ एजंटांनी दोन बँक-दरोडेखोरांची गाडी अडवली. शंभराहून कितीतरी जास्त गोळ्या उडाल्या, दोन एजंट गेले, पाच जखमी झाले. तेव्हा बहुतेकांकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं होती. एका एजंटच्या हाताला गोळी लागल्यावर त्याला ते रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. यातून 'गोळ्या जास्त हव्यात' असा धडा काढला जातो, आणि पोलीस खात्यांनी पुढे रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतलीही. पण एफबीआयचा मुख्य धडा वेगळाच होता. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच एक गोळी अगदी योग्य जागी लागली होती, ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. म्हणून गोळी निदान १२ इंच आत जायला हवी ही कसोटी आली. आणि शेवटी ते प्रकरण संपवलं कोणी? एक हात निकामी झालेल्या एजंटने, रिव्हॉल्व्हरनेच. शिवाय ते लोक दरोडेखोरांच्या मागावर गेले होते. माझ्या मित्राला कोणाच्या मागावर जायचं नाहीये, त्याला वहिनींना घेऊन मागच्या दाराने निघायचंय.

आता सांगतो की पंधरा गोळ्यांची खरी किंमत कुठे मोजावी लागते. वजनात नाही. नऊ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, पाच जास्त म्हणजे ६० ग्रॅम, एका लहान बिस्किटपुड्याएवढं. किंमत मुठीच्या लांबीत आहे. गोळ्या मुठीत उभ्या रचलेल्या असतात, गोळ्या वाढल्या की मूठ लांब किंवा जाड होते, आणि कमरेवर शर्टातून जे टोक दिसतं ते मुठीचंच. नळी पँटीत जाते, ती कितीही असो. ग्लॉक १९ (मॅगझिनमध्ये १५) उत्तम पिस्तूल आहे, पण टेक्ससच्या ऑगस्टमध्ये टी-शर्टाखाली ते रोज लपवणारे लोक थोडे आणि गाडीच्या कप्प्यात टाकून जाणारे भरपूर. कप्प्यातल्या पिस्तुलात पंधरा काय नि पन्नास काय! उलट गाडी फोडली की ते चोराच्या हातात.

इथे इंजिनियर लोकांनी खरंच कमाल केली आहे. २०१५ चं ग्लॉक ४३ घ्या: एका रांगेचं मॅगझिन, सहा गोळ्या. २०१८ मध्ये सिगने पी३६५ आणलं, जवळजवळ त्याच आकारात दहा. मॅगझिन खाली दुहेरी रांगेचं आणि वर निमुळतं होत एकेरी, लोक त्याला दीड रांग म्हणतात. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या हेलकॅटने त्याच वर्गात अकरा बसवल्या. म्हणजे पाच की पंधरा हा जो वाद आजोबा आणि विक्रेता घालत होते, त्यातली खरी ओढाताण २०१८ नंतर बरीचशी संपलेलीच आहे. रोज बाळगता येईल इतकं लहान आणि दोघांपुरतं पुरेल इतकं, हे एकाच वस्तूत मिळतं.

(कायद्याचंही थोडं. १९९४ ते २००४ या काळात दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवीन मॅगझिनं सामान्य ग्राहकाला देशभर बंद होती. दहाच मिळणार तर पिस्तूल तरी लहान करू, असा विचार कंपन्यांनी त्याच दिवसांत केला. न्यू जर्सीने २०१८ मध्ये मर्यादा १५ वरून १० वर आणली, कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ठरवली. त्यामुळे इथलं कायदेशीर मॅगझिन घेऊन गाडीने बहिणीकडे दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी त्या राज्याचा कायदा वाचावा.)

तर मित्राला मी जे सांगितलं ते असं. दहा गोळ्यांचं लहान पिस्तूल घे. एक जादा मॅगझिन जवळ ठेव, आणि ते वीस गोळ्या व्हाव्यात म्हणून नको. पिस्तुलातला सगळ्यात दगाबाज भाग मॅगझिनच असतो, स्प्रिंग बसली किंवा वरचे ओठ वाकले की दहाही गोळ्या निरुपयोगी, तेव्हा बदलायला दुसरं हवं. पंधराच्या आणि दहाच्या पिस्तुलात जो पैशांचा फरक असेल तो आणि त्यावर आणखी तेवढेच सरावाच्या काडतुसांवर घाल, महिन्यातून दोनदा रेंजवर जा. काउंटरच्या मागची भिंत बघून ठेव, कुठे उभं राहिलं तर तुझ्या गोळीच्या रेषेत काच येत नाही ते आजच ठरव. आणि पुन्हा कोणी गल्ला मागितला तर गल्ला दे.

शेवटचं ऐकून तो जरा हिरमुसला. "मग पिस्तूल कशाला घेऊ?" म्हणाला. मी म्हटलं, गल्ला घेऊन जो जातो त्याच्यासाठी पिस्तूल नाहीच. गल्ला घेऊनही जो जात नाही, वहिनींना मागच्या खोलीत चल म्हणतो, त्याच्यासाठी आहे. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी मात्र आतून म्हणाल्या, "भावजी, दहा पुरेत. आणि रेंजवर मीही येणार."

त्यांचा हात लहान आहे, त्यामुळे कोणतं पिस्तूल घ्यायचं यात आता एक नवीन अट आली आहे. शनिवारी तिघं मिळून दुकानात जातोय. होल्स्टर हा स्वतंत्र विषय आहे, तो पुढच्या वीकांताला.